पस्तिशीनंतर हातात हॉकी स्टिक : नाशिकमध्ये शून्यापासून शिकणाऱ्यांसाठी

पहिल्या दिवशी मैदानावर सातवीतल्या एका मुलीने मला विचारलं, "काकू, तुम्ही कोणाला सोडायला आलात?" मी म्हटलं, "स्वतःलाच." ती हसली नाही, नुसती माझ्या बुटांकडे बघत राहिली. चालायचे बूट होते, गुलाबी लेसचे. त्यांचं काय झालं ते पुढे येईलच.

मी तेव्हा ३७ वर्षांची. सातपूरच्या एका कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर बसते. शाळेत खो-खो खेळले होते, नंतरची वीस वर्षं खेळ म्हणजे इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालणं. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकचा ब्राँझसाठीचा सामना कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर बघितला. आपल्या मुली ०-२ ने मागे होत्या, मग ३-२ ने पुढे गेल्या, आणि शेवटी ब्रिटनकडून ४-३ ने हरल्या. बसमधून उतरताना डोळे पुसले आणि ठरवलं, एकदा स्टिक हातात धरून बघायचीच. प्रत्यक्ष धरायला आणखी दीड वर्ष गेलं, कारण कुठे जायचं, काय घ्यायचं, कुणाला विचारायचं हेच कळेना. जे काही आहे ते सगळं आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी. मोठ्या माणसाला कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहून ठेवतेय.

आपण बोलतोय ते मैदानी हॉकीबद्दल. बॉल साधारण १६० ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या बॉलइतकाच जड आणि तितकाच कडक. ही गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात असू द्या.

१. आधी गुडघे आणि कंबर

हॉकी हा वाकून खेळायचा खेळ आहे, आणि आपली पिढी खुर्चीत बसून बसून वाकायचं विसरली आहे. मैदान शोधण्याआधी तीन-चार आठवडे घरीच तयारी करा. रोज वीस उठाबशा, भिंतीला पाठ लावून अर्ध्या खुर्चीत बसल्यासारखं थांबणं, आणि चालता चालता मध्येच वीस-तीस पावलं पळून पुन्हा चालणं. हॉकीत सलग पळावं लागत नाही. पळायचं, थांबायचं, वळायचं, पुन्हा पळायचं, असा मामला असतो. मांडीच्या मागचा स्नायू त्या "थांबायचं" मध्ये दुखावतो.

चाळिशी ओलांडली असेल, बीपी-शुगर असेल, घरात कुणाला हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. ईसीजी पुरेल की आणखी काही तपासायचं, हे त्यांना ठरवू द्या. तेव्हाच फिटनेसचं सर्टिफिकेट लिहून घ्या, ते नंतर लागतंच.

आणि वाकायचं ते गुडघ्यातून. कमरेतून वाकलात तर तिसऱ्या दिवशी मोजे घालायला नवऱ्याला बोलवावं लागेल. मला लागलं होतं.

२. मैदान आणि शिकवणारा माणूस

नाशिक हे क्रिकेटचं गाव. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, ज्याला सगळं गाव अजून गोल्फ क्लबच म्हणतं, रविवारी सकाळी एकाच वेळी किती सामने चालतात ते मोजायला जाऊ नका. तिथे कोपऱ्यात स्टिक-बॉल घेऊन उभं राहायचा विचारही सोडून द्या. तुमचा बॉल त्यांच्या पायात आणि त्यांचा तुमच्या डोक्यात.

मी शोधलं ते असं. आधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारलं की हॉकी कुठे चालते आणि कोण घेतं. तिथे एक-दोन नंबर मिळतात. मग ज्या शाळांचे हॉकीचे संघ आहेत तिथल्या क्रीडाशिक्षकांना भेटले. शालेय आणि नेहरू हॉकी स्पर्धांच्या जिल्हास्तरीय फेऱ्या जिथे होतात तिथे एक सकाळ काढा. गावातले हॉकीवाले सगळे त्या दिवशी एकाच बाकावर चहा पीत बसलेले सापडतात. मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट, राष्ट्रीय क्रीडा दिन. त्या आठवड्यातही काही ना काही सामने असतात, चौकशी करून जा.

तिसरी वाट देवळालीची. देवळाली कॅम्प आणि नाशिकरोडला तोफखान्याची मोठी वस्ती. फौजेत हॉकी मुरलेली आहे. खुद्द ध्यानचंद १९२२ मध्ये सैन्यात भरती झाले आणि खऱ्या अर्थाने हॉकी खेळू लागले ते तिथेच. (तेव्हा त्यांना सतरावं लागलं होतं, आपल्याला सदतिसावं. असो.) देवळाली-भगूरकडे निवृत्त होऊन राहिलेल्या फौजींमध्ये हॉकी खेळलेला माणूस हमखास भेटतो. माझे सर असेच भेटले, निवृत्त सुभेदार. फोनवर म्हणाले, "ताई, या. पण सहा म्हणजे सहा." आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सहा ते साडेसात. मैदान मुरमाचं, एका बाजूला बाभळी, दोन्ही टोकांना गंजलेले गोलपोस्ट.

सरांच्या आधी मी एका ठिकाणी फसले, तेही सांगते. तीन महिन्यांचे पैसे एकदम भरले. शिकवणारा जेमतेम आठ दिवस आला, मग त्याच्या जागी एक कॉलेजातला मुलगा, मग कुणीच नाही. पैसे गेले ते गेले, त्या आठ दिवसांत लागलेल्या चुकीच्या सवयी मोडायला दोन महिने गेले. म्हणून पैसे भरण्याआधी हे विचारा:

- मोठ्या माणसांना घेता का, आणि आधी किती जणांना शिकवलंय?
- एका वेळी किती जण आणि बॉल किती? वीस जणांत चार बॉल असतील तर तुम्ही रांगेत उभं राहायला शिकाल.
- महिन्याचे पैसे महिन्याला चालतील का?
- पहिल्या महिन्यात काय शिकवता? उत्तर "हिट" आलं तर नमस्कार करून परत या. का ते सातव्या मुद्द्यात.

बायकांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. जवळ वापरण्याजोगं स्वच्छतागृह आहे का, आणि हिवाळ्यात सहा वाजता मैदानापर्यंतच्या रस्त्यावर दिवे असतात का. हे विचारायला लाजू नका. मी लाजले आणि महिनाभर पाणी न पिता खेळले, मग पायात गोळे यायला लागले.

३. कागदपत्रं

फार नसतात, पण एका पिशवीत घालून ठेवा. संकुल असो की क्लब, साधारण एवढंच मागतात: आधार कार्डाची झेरॉक्स, तीन-चार पासपोर्ट फोटो, आधारवरचा पत्ता जुना असेल तर आताच्या पत्त्याचा पुरावा, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, आणि स्वतःच्या जबाबदारीवर खेळत असल्याचं हमीपत्र. हमीपत्रावर सही करण्याआधी वाचा. भरलेल्या पैशांची पावती घ्या. घरच्या माणसाचा नंबर आणि रक्तगट एका चिठ्ठीवर लिहून किटच्या कप्प्यात ठेवा.

जिल्हा किंवा राज्य संघटनेकडची खेळाडू नोंदणी अधिकृत स्पर्धा खेळायच्या असतील तर करावी लागते. पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नका.

४. स्टिक

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा सावकाश.

पहिली गोष्ट, हॉकीत डावखुऱ्यांची वेगळी स्टिक नसते. स्टिकची एक बाजू सपाट, दुसरी गोल. बॉल खेळायचा तो सपाट बाजूने आणि कडेने. गोल बाजू लागली की फाऊल, ज्याला मैदानावर "बॅक स्टिक" म्हणतात. सगळ्यांचा डावा हात वर, उजवा खाली. तुम्ही डावरे असाल तर उलट तुमचा फायदाच आहे, तो सहाव्या मुद्द्यात कळेल.

दुसरी गोष्ट, लांबी. सरळ उभं राहा, स्टिकचं डोकं जमिनीला टेकवा. वरचं टोक कमरेच्या हाडाच्या आसपास यायला हवं. मोठ्यांना बहुतेक साडेछत्तीस इंची चालते, चांगल्या उंच माणसाला साडेसदतीस. माझी उंची पाच फूट दोन इंच, मला छत्तीस इंची बरोबर बसते. मग डाव्या हाताने स्टिकचं टोक धरा, हात समोर सरळ करा आणि मनात दहा अंक मोजा. हात थरथरला तर स्टिक जड आहे. नियमाने ७३७ ग्रॅमपर्यंत चालते, पण आपल्याला हलकीच घ्यायची.

तिसरी गोष्ट, कशाची. पूर्वी सगळ्या स्टिक तुतीच्या लाकडाच्या असत. आता कार्बन-फायबरच्या कॉम्पोझिट. जालंधर आणि मेरठला दोन्ही बनतात. दुकानात गेलात की कौतुकाने कार्बनची टक्केवारी सांगतात, सत्तर टक्के, नव्वद टक्के, जणू बारावीचा निकाल. मी शहरातल्या एका दुकानातून साडेसहा हजारांची चकचकीत काळी स्टिक घेतली. लांबी साडेसदतीस. "मॅडम, प्रो लोक हीच वापरतात." प्रो लोक वापरत असतीलही. कार्बन जितका जास्त तितकी स्टिक ताठ, आणि ताठ स्टिकला लागलेला बॉल टाळ्यावर टिचकी मारल्यासारखा टणकन उडून जातो. जोरात मारणाऱ्याला तेच हवं असतं. ज्याला अजून बॉल थांबवता येत नाही त्याच्यासाठी ती शिक्षा आहे. शिवाय तिचा बाक खूप खाली होता. त्याला "लो बो" म्हणतात, ड्रॅग फ्लिक, म्हणजे बॉल स्टिकवर ओढत नेऊन उचलून फेकणाऱ्यांसाठी असतो. नवख्याने अशा स्टिकने साधा फटका मारला तरी बॉल हवेत जातो.

सरांनी ती स्टिक हातात घेतली, उलटी-सुलटी केली, आणि काहीच न बोलता स्वतःच्या डिकीतली जुनी लाकडी काढून दिली. महिनाभर तीच वापरली. मग नऊशे रुपयांची लाकडी घेतली, वर्षभराने कमी कार्बनची कॉम्पोझिट. काळी स्टिक आता माझा भाचा गणपतीत लेझीमसारखी मिरवतो.

धनराज पिल्ले खडकीला लहानाचे मोठे झाले ते मोडक्या स्टिक दोरीने बांधून खेळत. तितकं करायची गरज नाही. पण पहिली स्टिक स्वस्तातली, मध्यम बाकाची आणि हलकी घ्या. आणि घेताना ती मैदानी हॉकीचीच आहे ना ते विचारा. इनडोअरची स्टिक बारीक आणि हलकी असते, हाताला फार छान वाटते, आणि मुरमावर आठ दिवसांत तुटते.

५. बाकीचं सामान

- शिन गार्ड, म्हणजे नडगीचं कवच. याच्याशिवाय मैदानात पाऊल नाही. फुटबॉलवाले सुरुवातीला चालतात, पण घोट्यापर्यंत येणारे घ्या.
- माऊथगार्ड. गरम पाण्यात बुडवून दातांत दाबून बसवायचा येतो तो. पहिल्या आठवड्यात लाळ गळते, मग सवय होते. दाताचं रूट कॅनाल कितीला पडतं ते आठवा.
- बूट. मुरमावर आणि मातीवर रबरी दट्ट्यांचे, फुटबॉलला वापरतात तसे. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या मैदानावर, बारीक बारीक दाण्यांचे. चालायचे बूट आडव्या वळणाला साथ देत नाहीत. माझ्या गुलाबी बुटाचा तळ बाराव्या दिवशी तोंड उघडून बसला आणि घोटा मुरगळला तो वेगळाच.
- डाव्या हाताचा ग्लोव्ह. बोटांची सालं आणि थंडी, दोन्हींसाठी.
- दोन बॉल. गुळगुळीत घ्या, खड्ड्या-खड्ड्यांचे टर्फसाठी असतात. शिवाय एक टेनिस बॉल, घरासाठी.
- जादा ग्रिप, पाण्याची बाटली, टोपी, जुना टॉवेल.

गोलकीपर व्हायची हौस असेल तर पॅड, किकर, हेल्मेट, छातीचं कवच असा संसार लागतो. तो क्लबचाच वापरा.

६. पकड

डावा हात अगदी वरच्या टोकाशी. उजवा साधारण मधोमध, जिथे ग्रिप संपते त्याच्या जरा वर. आता मेख अशी की स्टिक फिरवायची ती डाव्या हाताने. उजवा हात म्हणजे नुसती नळी, ज्यातून स्टिक फिरते. उजव्याने लिहिणाऱ्या, उजव्याने भाजी चिरणाऱ्या माणसाला हे पटतच नाही. मेंदू म्हणतो काम उजव्याचं, आणि उजवा हात स्टिकचा गळा आवळून बसतो.

सरांचा उपाय: प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा आणायचा, स्टिकच्या दांड्याभोवती फिरेल इतका रुंद. तो दांड्यावर चढवायचा आणि उजव्या हाताने पाइप धरायचा. आता उजव्याने काही करायचं म्हटलं तरी करता येत नाही. डाव्या मनगटाने कुलपात किल्ली फिरवावी तशी स्टिक फिरवायची, सपाट बाजू बॉलच्या उजवीकडे, मग बॉलवरून पलटी मारून डावीकडे. टक-टक, टक-टक. यालाच ड्रिबल म्हणतात, आणि जगभर तो भारतीय ड्रिबल म्हणूनच ओळखला जातो.

रोज दहा मिनिटं. मी गच्चीवर टेनिस बॉलवर करायचे. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या: "काय गं, पाटा-वरवंटा घेतलास का?" मग जुन्या सतरंजीवर करायला लागले. पहिले पंधरा दिवस डावं मनगट इतकं भरून येतं की चहाचा कप उचलवत नाही. डावऱ्यांनो, तुम्ही इथे जिंकलात.

७. थांबवणं

सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि सगळे हेच सोडून मारायला शिकतात. मोठ्या माणसाला वाटतं, आपल्यात ताकद आहे, पोरांपेक्षा जोरात मारू. मारालही. पण बॉल थांबलाच नाही तर मारणार काय? माझ्याबरोबर सुरू केलेले एक बँकवाले दादा सहा महिने फक्त हिट घोटत होते. सामन्यात त्यांच्याकडे आलेला प्रत्येक बॉल स्टिकला लागून समोरच्या संघाला मिळायचा. त्या संघातली पोरं त्यांना "काका, थँक्यू" म्हणायची.

मी पण काही वेगळी नव्हते. सर दहा पावलांवरून बॉल सोडायचे, मी स्टिक घट्ट रोवून उभी, बॉल आपटून चार हात पुढे. पुन्हा सोडला, पुन्हा उडाला. पंचवीस वेळा झालं असेल. मग सर गोलपोस्टकडे गेले. तिथे मागच्या फळीवर पोरांनी एक गोणपाट टांगलं होतं, बॉलचा आवाज होऊ नये म्हणून. त्यांनी मला शेजारी उभं केलं आणि बॉल फळीवर ढकलला. खाडकन परत आला. मग गोणपाटावर ढकलला. बॉल गोणपाटात शिरला, गोणपाट दोन बोटं मागे गेलं, आणि बॉल सरळ खाली पडला, जागच्या जागी. "बघितलंत? फळी होऊ नका ताई. गोणपाट व्हा."

म्हणजे करायचं असं. गुडघे वाकवा, दोन्ही हात जरा पुढे, स्टिक जवळजवळ उभी पण वरचं टोक किंचित पुढे झुकलेलं, म्हणजे बॉल वर न चढता खाली दबतो. बॉल लागायच्या क्षणी पकड सैल सोडा आणि स्टिक दोन बोटं मागे येऊ द्या. नजर बॉलवर शेवटपर्यंत, मारणाऱ्याच्या तोंडावर नाही. बॉल उजव्या पायाच्या समोर घ्या, दोन पायांच्या मधोमध नाही, कारण मधोमध घेतला आणि चुकला की पायाला लागतो आणि फाऊल.

मुरमावर आणखी एक अडचण: बॉल कधी टप्पा घेईल सांगता येत नाही. खडा लागला की उसळतो. म्हणून मातीवर शिकणाऱ्याने स्टिक उभी ठेवूनच थांबवायला शिकावं. ती आडवी पाडून थांबवायची पद्धत टर्फच्या सपाट जमिनीसाठी ठीक आहे. घरी सराव करायचा तर कंपाऊंडची भिंत. ढकला, परत येऊ द्या, थांबवा. रोज पन्नास. शंभर केलेत तर उत्तम, पण पन्नास चुकवू नका.

दोन महिने फक्त हे आणि ड्रिबल केलं तरी चालेल. कंटाळा येईल. येऊ द्या.

८. पुश, आणि खूप नंतर हिट

पुशमध्ये स्टिक मागे नेऊन मारायची नसते. बॉलला आधीपासून टेकवायची, डावा खांदा जिकडे द्यायचा तिकडे, वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर, आणि बॉल झाडूने लोटावा तसा पुढे. चांगल्या पुशचा आवाज येत नाही. आवाज आला तर तुम्ही मारलंत. सामन्यातले निम्म्याहून जास्त पास तुम्हाला पुशनेच द्यायचे आहेत.

हिटला दोन्ही हात वर एकत्र येतात. ती सरांनी सांगितल्याशिवाय करू नका, आणि समोर कुणी असताना तर नाहीच, विशेषतः मुलं असताना. मोठ्या माणसाचा फसलेला हिट छातीच्या उंचीने जातो. गोलवर मारताना सोडलं तर हिटने मुद्दाम बॉल उचलायला नियमानेच मनाई आहे.

९. नियम: तुम्ही आधी काय खेळत होतात?

सगळे नियम पाठ करायची गरज नाही. आधीच्या खेळाची कोणती सवय आड येते तेवढं ओळखा.

क्रिकेटवाले स्टिक बॅटसारखी धरतात, दोन्ही हात चिकटवून, आणि पाय पुढे टाकून बॉल अडवतात. हॉकीत बॉल पायाला लागून तुमचा फायदा झाला की "फूट", फाऊल. फुटबॉलवाले अंग मध्ये घालून बॉल झाकतात. तेही चालत नाही, त्याला ऑब्स्ट्रक्शन म्हणतात, आणि पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त शिट्ट्या त्यांच्यावरच वाजतात. आम्ही खो-खोवाले वाकायला पक्के, पण धाव घेतली की दिशा बदलायची नाही हे इतकं अंगात मुरलेलं की बॉल मागे राहिला तरी आम्ही सरळ पळतो.

बाकी थोडक्यात: एका बाजूला अकरा, १५ मिनिटांचे चार क्वार्टर. मैदान ९१.४ बाय ५५ मीटर. गोल फक्त "डी" मधून, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलातून, मारलेलाच धरतात. डीची रेषा गोलपासून १४.६३ मीटरवर असते. ऑफसाइड नाही, तो १९९० च्या दशकातच गेला. घरातले जुने जाणते अजून त्यावर वाद घालतात, घालू द्या. फ्री हिटला समोरच्याने ५ मीटर लांब उभं राहायचं, आणि हिट घेणारा स्वतःच बॉल घेऊन पुढे जाऊ शकतो. शॉर्ट कॉर्नरला, म्हणजे डीतल्या फाऊलबद्दल समोरच्यांना मिळणाऱ्या फटक्याला, बचाव करणाऱ्यांचे गोलकीपर धरून पाच जण गोलरेषेमागे, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. हिरवं कार्ड म्हणजे २ मिनिटं बाहेर, पिवळं म्हणजे किमान ५, लाल म्हणजे घरी.

आपल्यासाठी सगळ्यात सुंदर नियम रोलिंग सबस्टिट्यूशनचा. कितीही वेळा बाहेर जा, कितीही वेळा आत या. धाप लागली की हात वर करा.

१०. पाऊस, थंडी आणि टर्फ

जून ते सप्टेंबर नाशिकमध्ये मातीचं मैदान विसरा. मुरूम दोन दिवस उघडीप मिळाली की खेळण्याजोगा होतो, काळी माती मात्र बुटाला किलोकिलोने चिकटते. या काळात पार्किंगमध्ये ड्रिबल आणि भिंत. बहुतेक मोठी माणसं पावसाळ्यात सुटतात ती दिवाळीनंतरही परत येत नाहीत, आमच्या अकरातले पाच असे गेले. आठवड्यातून एकदा का होईना, स्टिक हातात धरा.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात छापून येतो त्या सकाळी बोटं बधिर असतात आणि थांबवलेल्या प्रत्येक बॉलची झिणझिणी कोपरापर्यंत जाते. वॉर्मअप दुप्पट करा. एप्रिल-मेमध्ये साडेसातला मैदान सोडा.

वर्षभर झालं की एकदा खरा टर्फ बघून या. पुण्यात बालेवाडी, पिंपरीला नेहरूनगरचं ध्यानचंद स्टेडियम, मुंबईत चर्चगेटजवळचं महिंद्रा स्टेडियम. आम्ही चौघी सकाळच्या पंचवटीने मुंबईला गेलो होतो, मॅच बघायला. टर्फवर आधी पाणी मारतात, त्यावर बॉल सपाट आणि भलत्याच वेगाने जातो, टप्पा नाही की खडा नाही. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी अशा पृष्ठभागावर गेली. मातीवर पोसलेले आपले संघ तेव्हा का चाचपडले, हे काठावर बसून दहा मिनिटांत समजलं.

११. पहिला सामना

अकरा-अकराचा नको. पाच-पाचचा खेळा, अर्ध्या मैदानावर. हॉकी-फाइव्ह्ज नावाने त्याचा २०२४ मध्ये मस्कतला विश्वचषकही झाला आणि आपल्या मुली त्यात अंतिम सामन्यापर्यंत गेल्या, त्यामुळे कमीपणा वाटून घेऊ नका.

मोठा सामना खेळायची वेळ आलीच तर उजव्या बाजूला जागा मागा, मागच्या फळीत. समोरचा तिथून येतो तो तुमच्या सरळ स्टिकच्या बाजूने. डाव्या बाजूला उलटी स्टिक लावावी लागते, ती पहिल्या वर्षी जमत नाही. टॅकल करताना स्टिक फावड्यासारखी मारू नका. खाली ठेवून मागे मागे सरकत राहा, समोरचा स्वतःच चुकतो. आणि बोला. "मागे!", "सोड!", "एकटी आहे!" अशी हाक मारायला आपल्याला संकोच वाटतो, दहावीतली पोरं मात्र आपल्याला "ए ताई, डावीकडे!" म्हणून बिनधास्त ओरडतात. मैदानावर त्यांचं ऐका.

माझ्या पहिल्या सामन्यात बॉल माझ्याकडे चार वेळा आला. तीन उडाले. चौथा थांबला, अगदी पायासमोर, आणि मला इतकं आश्चर्य वाटलं की मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. तेवढ्यात तीच सातवीतली मुलगी, आता नववीत गेलेली, येऊन तो घेऊन गेली.

निघण्याआधी बॉल मोजून पिशवीत भरा. नवख्याचं काम ते, सगळीकडे. आमच्याकडे दर वेळी एक कमी भरतो, आणि तो बाभळीखालीच असतो. हाताने नाही, स्टिकने ओढून काढा, काटे असतात.